घराला जिना काढायचाय? आधी जागा मोजा, पाया बघा, मगच पैशाचा हिशोब धरा

लातूर : सोयाबीन, तुरीचे पैसे हातात आले किंवा उसाचं बिल जमा झालं की गावात पहिला विषय निघतो तो घराचा. खाली दोन खोल्या आणि स्लॅब झालेला असतो. वर एखादी खोली काढायची असते, टाकी बसवायची असते, नाहीतर गच्चीवर शेंगा, मिरच्या, कुरडया वाळवायच्या असतात. वर जायला बांबूची नाहीतर लोखंडी शिडी लावलेली असते. घरातली म्हातारी माणसं तिच्यावर चढत नाहीत आणि लेकरं चढली की आईचा जीव वर-खाली होतो. मग जिना काढायचं ठरतं.

मिस्त्रीला विचारलं तर तो उभ्या उभ्या सांगतो, "तीस हजारात होतंय." काम संपेपर्यंत खर्च सव्वा-दीड लाखावर गेलेला असतो. मिस्त्री खोटं बोललेला नसतो. त्याने फक्त पायऱ्यांचं काँक्रीट आणि मजुरी धरलेली असते. पाया, कॉलम, कठडा, फरशी, लाईट हे सगळं मालकाच्या लक्षात नंतर येतं. निम्मा जिना करून पैसे संपलेली घरं प्रत्येक गावात दोन-चार तरी दिसतात. सळया वर आलेल्या, कठडा नाही आणि दोन-दोन वर्षं तसंच वापर चालू. अशा जिन्यावरून माणूस पडतो.

आधी ठरवा, जिना कशासाठी?

वर्षातून चार वेळा टाकी बघायला किंवा वाळवण घालायला वर जायचं असेल तर लोखंडी जिना पुरतो. वर पोराचा संसार थाटायचा असेल तर तिथे पलंग, कपाट, फ्रिज, गहू-ज्वारीची पोती जाणार. त्यासाठी तीन फुटांपेक्षा अरुंद जिना कामाचा नाही. पुढे दोघा भावांची वाटणी होऊन एक खाली, एक वर राहण्याची शक्यता असेल, तर जिना घराच्या बाहेरून काढणं शहाणपणाचं. आतून काढलेल्या जिन्यामुळे वरच्या भावाला खालच्याच्या सैपाकघरासमोरून ये-जा करावी लागते आणि मग जिन्यावरून बोलणं बंद होतं. वाटणीचा विषय काढायला कुणाला आवडत नाही, पण तो जिन्याच्या आधी निघालेला बरा.

घर कशावर उभं आहे ते बघा

पांढऱ्या मातीच्या किंवा दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद असलेल्या घरावर मजला चढवायचा नाही आणि त्या भिंतीला जिना टेकवायचाही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसं जास्त गेली ती मातीत रचलेल्या जड दगडी भिंती आणि माळवदाखाली सापडून. ज्यांनी ते बघितलंय त्यांना सांगायची गरज नाही, पण नव्या पिढीला सांगावं लागतं.

विटांची सिमेंटमधली नऊ इंची भिंत आणि वर स्लॅब असेल, तर गच्चीपुरता जिना काढायला सहसा अडचण नसते. मजला चढवायचा असेल तर मात्र पाया किती खोल आहे, तो मुरमात आहे की काळ्या मातीत, हे उकरून बघावं लागतं. जुनी पुनर्वसनातली घरं असोत की घरकुलं, ती मुळात एका मजल्याच्या हिशोबाने बांधलेली असतात. तिथे इंजिनिअरने जागेवर येऊन बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. दोन-तीन हजार फी वाचवण्यासाठी लोक ही पायरी गाळतात आणि नंतर तडा बुजवायला त्याच्या दसपट घालवतात.

आतून की बाहेरून?

आतून जिना म्हणजे स्लॅब तोडणं आलं. स्लॅबमधल्या मुख्य सळया बहुतेक वेळा खोलीच्या आखूड बाजूने टाकलेल्या असतात. भोक पाडताना लांब बाजू त्या सळयांच्या दिशेने ठेवली तर कमी सळया तुटतात. उलटं केलं तर निम्मा स्लॅब लोंबकळतो. भोकाच्या कडेने बीम टाकल्याशिवाय आणि खाली टेकू लावल्याशिवाय ब्रेकर चालवू देऊ नये. तोडताना सळया एकदम कडेला कापायच्या नाहीत. दीड-दोन फूट शिल्लक ठेवून नव्या बीममध्ये वळवायच्या. हे काम जमणारा मिस्त्री वेगळा असतो. प्लास्टर चांगलं करतो म्हणून त्याच्याकडून स्लॅब तोडून घेऊ नये.

बाहेर निघालेल्या छज्जावर किंवा गॅलरीवर जिन्याचं वजन टेकवण्याचा मोह होतो, कारण तो आयता मिळतो. पण गॅलरी फक्त आपल्या भारापुरती आणि वर उभ्या राहणाऱ्या चार माणसांपुरती केलेली असते. तिच्यावर जिना टाकायचा नाही.

बाहेरून जिना काढायचा तर काळी माती हा आपल्याकडचा मोठा प्रश्न आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. घराचा पाया पाच-सहा फुटांवर मुरमात आणि जिना मात्र वरच्या भरावावर दोन फुटांत उभा केला, की दोन पावसाळ्यांत जिना घरापासून सुटतो. भिंत आणि जिन्याच्या मध्ये वरून खालपर्यंत फट दिसली तर समजायचं की जिना बसला. त्यात सिमेंट भरून उपयोग नाही, पुढच्या वर्षी ती पुन्हा उघडते. जिन्याच्या कॉलमचे खड्डे घराच्या पायाइतके, म्हणजे मुरूम लागेपर्यंत खाली न्यायचे. जिन्याचा खरा खर्च इथे आहे आणि मिस्त्रीच्या तीस हजारात तोच नसतो.

पायऱ्यांचं गणित

हे गणित मालकाने स्वतः करावं. चौथीचा भागाकार आहे.

खालच्या तयार फरशीपासून वरच्या तयार फरशीपर्यंतची उंची इंचात मोजा. समजा खोली आतून १० फूट आणि स्लॅब ५ इंच, म्हणजे १२५ इंच. एका पायरीची उंची साडेसहा ते सात इंच असली की पाय सहज पडतो. राष्ट्रीय इमारत संहितेत घरातल्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंच, आणि पाय ठेवायची जागा कमीत कमी २५० मिलिमीटर, म्हणजे दहा इंच दिली आहे. आता १२५ ला १८ ने भागलं तर एक पायरी सात इंचाला थोडी कमी येते. १९ ने भागलं तर साडेसहाच्या थोडी वर. गुडघेदुखीची माणसं घरात असतील तर १९ घ्याव्यात. पायऱ्या विषम असाव्यात असं मानणाऱ्यांचंही त्यात भागतं. मात्र विषम आकडा जुळवायचा म्हणून शेवटी अर्धी पायरी घुसडायची नाही.

जागा किती लागते ते बघा. सरळ एका रेषेत १८ चढांच्या जिन्याला १७ पायऱ्या गुणिले १० इंच, म्हणजे १४ फूट २ इंच लांबी आणि खाली-वर उभं राहायला तीन-तीन फूट. एवढी जागा गावठाणातल्या घराला क्वचित मिळते. शिवाय सलग अठरा पायऱ्यांवरून घसरलेला माणूस थेट खाली येतो. म्हणून मध्ये टप्पा घेऊन वळणारा जिना बरा. नऊ चढ, टप्पा, पुन्हा नऊ चढ. प्रत्येक बाजूला आठ पायऱ्यांचे ६ फूट ८ इंच आणि टप्प्याचे ३ फूट मिळून ९ फूट ८ इंच लांबी होते. दोन्ही बाजू तीन-तीन फूट आणि मधली फट चार इंच धरली तर रुंदी ६ फूट ४ इंच. खाली पहिल्या पायरीपुढे तीन फूट मोकळे पाहिजेत, दाराची फळी तिथे उघडता कामा नये.

टप्प्याखाली न्हाणीघर किंवा संडास काढायचा बेत बरेच जण करतात. नऊ पायऱ्यांवर टप्पा असेल तर त्याच्याखाली उंची उरते जेमतेम पावणेपाच फूट. तिथे सरपण, पेंडीची पोती, फवारणीचा पंप बसेल, माणूस उभा राहणार नाही. न्हाणी काढायचीच असेल तर टप्पा बाराव्या चढावर घ्यावा, तेव्हा कुठे खाली साडेसहा फूट मिळतात. चढताना डोक्यावरही सात फूट तरी मोकळे पाहिजेत. पोतं डोक्यावर घेऊन चढणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवून हे माप घ्यावं.

सगळ्यात जास्त होणारी चूक पहिल्या आणि शेवटच्या पायरीची. सेंट्रिंग करताना खालची फरशी बसलेली नसते. नंतर खाली दोन इंच फरशी चढते आणि पहिली पायरी पाच इंचाची राहते. वर फरशी चढली की शेवटची नऊ इंचाची होते. अंधारात किंवा हातात कळशी असताना माणूस पायऱ्या डोळ्यांनी बघत नाही, पायाच्या सवयीनं चढतो. एक इंचाचा फरकही ठेच लागायला पुरतो. उपाय सोपा आहे. सेंट्रिंगच्या आधी पाण्याच्या नळीने लेव्हल घेऊन खालच्या आणि वरच्या तयार फरशीची खूण भिंतीवर कोळशाने मारून घ्यायची आणि त्या दोन खुणांमध्येच भागाकार करायचा. प्रत्येक पायरीची रेघ भिंतीवर ओढून घेतली तर आणखी चांगलं. मिस्त्री कुरकुर करतो, पण ओढून देतो.

खर्चाचा हिशोब

आता वरच्याच मापाचा जिना घराच्या बाजूला, स्वतःच्या अंगणात, चार कॉलमवर काढायचा असं धरू. खालचे दर उदाहरणासाठी धरलेत. आपल्या बाजारपेठेतला दर घालून पुन्हा गुणाकार करावा.

नुसत्या पायऱ्या, उतरता स्लॅब, टप्पा आणि टप्प्याचं बीम मिळून साधारण ४५ घनफूट काँक्रीट होतं. त्याला सिमेंट ११ गोण्या आणि सळई १०० ते १३० किलो लागते. पाया आणि कॉलमचं काँक्रीट याच्या दुपटीच्या घरात जातं, म्हणजे २३-२४ गोण्या आणि २८० किलोच्या आसपास सळई. प्लास्टर, फरशीचा माल असं किरकोळ धरून एकूण ४५ गोण्या, गोणी ३८० रुपयांनी १७,१०० रुपये. सळई ४०० किलो, ६५ रुपयांनी २६,००० रुपये. वाळू किंवा क्रशसँड आणि खडी मिळून अडीच ब्रास, ५,००० रुपयांनी १२,५००. खड्डे खोदाई ४,०००. सेंट्रिंग, सळई बांधणी, गवंडी, बिगारी मिळून मजुरी ३५,०००. फरशी तुकडा जाऊन १०५ चौरस फूट, माल आणि बसवणी मिळून १०० रुपयांनी १०,५००. लोखंडी कठडा दोन्ही बाजूंनी आणि टप्प्यावर मिळून ४५ फूट, ४५० रुपयांनी २०,२५०. वायर, दोन दिवे, रंग ४,०००. इंजिनिअर ३,०००.

बेरीज होते १ लाख ३२ हजार ३५०. त्यावर दहा टक्के अडीअडचणीला बाजूला ठेवले की साधारण १ लाख ४५ हजार. जिन्यावर पाऊस येऊ नये म्हणून पत्रा टाकला किंवा वर स्लॅबची छोटी खोली काढली, तर तो खर्च वेगळा. नुसत्या पत्र्याला वीस-पंचवीस हजार सहज लागतात.

एवढे पैसे एकदम नसतील तर कॉलम बारीक करून किंवा खड्डे उथळ ठेवून वाचवू नये. फरशी नंतर बसवता येते. तोवर सिमेंटचा साधा गिलावा चालतो, मात्र फरशीची जाडी आधीच्या भागाकारात धरलेली असावी. रंगही थांबतो, वरचा पत्राही थांबतो. पाया आणि सळई थांबत नाही. कठड्याचंही तसंच आहे. पहिल्या दिवसापासून निदान बांबू बांधून तरी कठडा करावा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झालाय. दुकानदाराकडून पक्कं बिल घेतलं की तो किती लावला ते कळतं. सळई नगावर नाही, वजनावर घ्यावी आणि पडताळून बघावी. १२ मीटरची ८ एमएमची सळई पावणेपाच किलोच्या आसपास, १० एमएमची सात किलो चारशे ग्रॅम आणि १२ एमएमची साडेदहा किलोच्या थोडी वर भरते. वजन बरंच कमी भरलं तर सळई बारीक आहे. खडी-वाळूचा ट्रॅक्टर आला की ट्रॉली आत उतरून मोजावी. लांबी, रुंदी, उंची फुटात गुणली आणि शंभरने भागलं की ब्रास निघतो.

गुत्तं देताना

मजुरीचं गुत्तं देताना साध्या कागदावर का होईना, लिहून घ्यावं. त्यात काय काय धरलंय ते स्पष्ट पाहिजे. सेंट्रिंगचं सामान कुणाचं, खड्डे कोण खोदणार, मलबा कोण उचलणार, पाणी कोण मारणार, पायरीच्या कडा गोल करायच्या का, हे शब्दाशब्दात येऊ द्यावं. नंतरची भांडणं ह्याच पाच-सहा गोष्टींवरून होतात. पैसे टप्प्याने द्यावेत. पाया झाल्यावर एक भाग, स्लॅब पडल्यावर एक, सेंट्रिंग उतरल्यावर एक आणि फरशी-कठडा झाल्यावर शेवटचा. सुरुवातीलाच मोठी उचल दिली की मिस्त्री दुसऱ्या गावात नवीन काम धरतो आणि फोन उचलत नाही. सगळे तसे नसतात, पण लग्नसराईच्या आधी कामं दाटली की चांगला माणूसही तसा वागतो.

काम चालू असताना उभं राहून काय बघायचं

सळया घराच्या स्लॅबसारख्याच खालच्या अंगाला, पण उताराच्या दिशेने येतात. जिथे उतार संपून टप्पा सुरू होतो, तिथल्या आतल्या कोपऱ्यात एकच सळई वाकवून पुढे नेली तर वजन पडल्यावर ती सरळ व्हायला बघते आणि खालचं काँक्रीट फोडून बाहेर येते. तिथे दोन्हीकडच्या सळया एकमेकींना कात्रीसारख्या ओलांडून पलीकडच्या अंगाला गेल्या पाहिजेत. इंजिनिअरला फक्त एकदाच बोलवायचं असेल तर काँक्रीटच्या आदल्या दिवशी, हे बघायला बोलवावं.

काँक्रीट खालच्या पायरीपासून वर चढत जायचं आणि एका दिवसात पूर्ण करायचं. माल पातळ केला की तो उतारावरून खाली पळतो, वर नुसती खडी राहते. घट्ट मालाला मजुरांना जास्त जोर लागतो, म्हणून ते हळूच पाणी ओततात. त्यावेळी मालक जेवायला गेलेला नसावा.

पाणी मारण्याचं आपल्या भागात वेगळं सांगायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. उन्हाळ्यात काम काढायचं तर टँकरचे पैसे हिशोबात धरावेत. पायऱ्यांवर पोती अंथरून ती ओली ठेवली तर कमी पाण्यात भागतं. निदान दहा दिवस पाणी चालू पाहिजे आणि टेकू १४ दिवस तरी काढू नयेत. रब्बीची रास झाल्यावर काम धरलं तर रोहिणीच्या आत आटोपतं. आतल्या जिन्यासाठी स्लॅब तोडलेला असेल आणि मृग दाराशी आला, तर घरात पाणीच पाणी होतं.

लोखंडी जिना

लोखंडी जिना चार-पाच दिवसांत उभा होतो आणि जुन्या घराला जड होत नाही. तीन फूट रुंदीचा, चॅनेल आणि नक्षीच्या पत्र्याचा जिना तीनशे ते चारशे किलो भरतो. फॅब्रिकेशनवाले किलोवर दर सांगतात. शंभर रुपये किलो धरला तर तीस ते चाळीस हजार. वजन काट्यावर, रंग देण्याआधी करून घ्यावं. उन्हाळ्यात दुपारी अनवाणी पाय ठेवता येत नाही आणि पावसात पत्रा निसरडा होतो, हे आधीच माहीत असावं. त्याला अर्थिंग द्यावंच. घरात येणारी वायर जिन्याला घासत असेल तर सगळा जिना करंट मारतो.

गोल जिना दिसायला छान आणि जागा कमी घेतो. पण त्यावरून कपाट जात नाही, पोतं जात नाही आणि वरच्या खोलीत आजारी पडलेल्या माणसाला खुर्चीवर बसवून खाली आणता येत नाही. रात्री छातीत दुखायला लागलेल्या माणसाला खाली घ्यायचं म्हटलं तर त्या जिन्यावर दोघं बाजूला उभेसुद्धा राहू शकत नाहीत. टाकी बघण्यापुरता असेल तर ठीक.

कठडा आणि फरशी

कठडा तीन फुटांपेक्षा कमी उंच नको. उभ्या सळयांमधली फट चार इंचांपेक्षा जास्त ठेवली तर लेकराचं डोकं अडकतं. आडव्या सळयांचा कठडा लेकरांना शिडीसारखा होतो, तो टाळावा. पायऱ्यांना गुळगुळीत ग्रेनाइट चमकतो, पण ओल्या पायाने घसरतो. शहाबादी किंवा तांदूरची फरशी जवळून येते, स्वस्त पडते आणि धरून ठेवते. ग्रेनाइटच घ्यायचा असेल तर कडेला दोन-तीन रेघा कापून घ्याव्यात. दिव्याचं बटण खाली आणि वर दोन्हीकडे पाहिजे. त्याची वायर आधीच टाकलेली असली म्हणजे नंतर भिंत फोडावी लागत नाही.

कागदपत्रं आणि शेजारी

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ प्रमाणे गावात बांधकाम करताना ग्रामपंचायतीची परवानगी लागते. वाढीव बांधकामाचा अर्ज, नमुना ८ चा उतारा आणि साधा नकाशा घेऊन ग्रामसेवकाकडे जावं. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळालं असेल तर तेही जोडावं, कारण आपली हद्द कुठे संपते हे त्यात दिसतं. बोळात पहिल्या दोन पायऱ्या उतरवण्याची पद्धत गावोगाव आहे. ती जागा रस्त्याची असते. कलम ५३ खाली अतिक्रमण काढण्याचा अधिकार पंचायतीला आहे आणि तक्रार करायला भावकी बसलेलीच असते. खालच्या दोन पायऱ्या तोडाव्या लागल्या तर वरच्या सोळा बिनकामाच्या होतात.

जिना शेजाऱ्याच्या बाजूने काढणार असाल तर खड्डा घ्यायच्या आधी त्याला दाखवून, सुतळी लावून हद्द ठरवावी. टप्प्यावर उभं राहिलं की त्याच्या न्हाणीत दिसतं का, हेही बघावं. यावरून पोलीस ठाण्यापर्यंत गेलेली प्रकरणं आहेत.

घरावरून किंवा जवळून विजेच्या तारा जात असतील तर जिन्याची जागा ठरवण्याआधी महावितरणच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. साध्या लाईनपासून आणि ११ केव्हीच्या लाईनपासून बाजूने १.२ मीटर, म्हणजे चार फूट अंतर नियमाने लागतं. डोक्यावरून जाणाऱ्या साध्या लाईनला गच्चीच्या वर अडीच मीटर आणि ११ केव्हीला ३.७ मीटर अंतर लागतं. जिना झाला की माणूस तारेच्या आणखी जवळ जातो, हातात सळई किंवा ओल्या कपड्याची काठी असते. तार सरकवून मिळाल्यावरच खड्डे खोदायला सुरुवात करावी.